गणेशच्या नावाने

२८ डिसेंबर २०१५ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त फेसबुकचे संस्थापक मार्क झकरबर्ग यांचा लेख छापून आला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला होता. नाव फक्त गणेश. आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही. हा गणेश आमची 'फ्री बेसिक्स' ही फुकट सेवा वापरतो, हवामान पाहून पावसाळ्याची तयारी करतो, बाजारभाव पाहून माल चांगल्या दराने विकतो आणि आता नव्या पिकांत, जनावरांत पैसा घालतो आहे, असे झकरबर्ग यांनी लिहिले होते. या सेवेला विरोध करणाऱ्यांनी गणेशसारख्यांचा विचार करावा आणि यात कंपनीचा धंद्याचा हेतू नाही हे ध्यानात घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

लेखाची वेळ साधी नव्हती. इंटरनेटवर कोणते संकेतस्थळ स्वस्त आणि कोणते महाग, हे ठरवण्याचा अधिकार कंपन्यांना द्यायचा की नाही, याचा नियम तेव्हा दिल्लीत तयार होत होता. त्या नियमासाठी जगातली एक बलाढ्य कंपनी मराठी शेतकऱ्याच्या नावाने साक्ष देत होती. हा शेतकरी मात्र कुठल्याही सुनावणीला हजर नव्हता. म्हणून या वादाचा इतिहास दिल्लीतून न पाहता मराठवाड्यातून पाहायला हवा.

वारंगा फाटा हे हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातले गाव. नांदेडहून अर्धापूरमार्गे आलेला रस्ता इथे फुटतो. एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे जातो, तर दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ आणि नागपूरकडे. भोवतालच्या शिवारात सोयाबीन, तूर, कापूस आणि या जिल्ह्याची ओळख असलेली हळद. २०१४ आणि २०१५ ही मराठवाड्याची सलग दोन दुष्काळी वर्षे. गणेशचा दाखला छापून आला त्या आठवड्यात सोयाबीन कधीच निघून गेले होते, तूर शेवटच्या पाण्याची वाट पाहत होती आणि हळद अजून जमिनीत होती.

हळदीच्या शेतकऱ्याला नेटवर काय पाहावे लागते, हे जवळून पाहिले तर वादाचे मर्म कळते. फेब्रुवारी-मार्चात हळद निघते. ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग विकायची की ठेवायची हे ठरवायचे. हळद टिकते, म्हणून विकण्याची वेळ निवडणे शेतकऱ्याच्या हातात असते. त्यासाठी त्याला हिंगोली, वसमत आणि नांदेडच्या मोंढ्यातली आवक पाहावी लागते, सांगलीचा दर पाहावा लागतो, तेलंगणातल्या निजामाबादचा दर पाहावा लागतो, वायदेबाजार कुठे झुकतो आहे हे पाहावे लागते. कंदकुज लागली तर कुणी काय फवारले, काय आळवणी केली, हे दुसऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून, शक्य तर व्हिडिओत, पाहायचे असते. यातले काय उद्या लागेल, ते आज सांगता येत नाही. त्याला लागणारे नेट म्हणजे हे सगळे. कुणीतरी आधीच निवडून दिलेली यादी त्याला पुरत नाही.

फ्री बेसिक्स ही नेमकी अशी यादी होती.

यादीत कोण होते

ऑगस्ट २०१३ मध्ये फेसबुकने नोकिया, सॅमसंग, क्वालकॉम, एरिक्सन अशा कंपन्यांना बरोबर घेऊन 'इंटरनेट डॉट ओआरजी' नावाचा उपक्रम जाहीर केला. जगातल्या ज्या लोकांपर्यंत नेट पोहोचलेले नाही त्यांच्यापर्यंत ते पोहोचवायचे, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. भारतात तो १० फेब्रुवारी २०१५ रोजी रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जाळ्यावर सुरू झाला. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. सोबत गुजरात, तामिळनाडू, केरळ, आंध्र प्रदेश आणि तेलंगणा.

रिलायन्सचे सिम असेल तर नेटपॅक न मारता ठरावीक तीसेक संकेतस्थळे फुकट उघडत. त्यात फेसबुक होते. शोध घ्यायला गूगल नव्हते, मायक्रोसॉफ्टचे बिंग होते. हवामानासाठी ॲक्युवेदर होते, क्रिकेटसाठी ईएसपीएन क्रिकइन्फो, खरेदी-विक्रीसाठी ओएलएक्स, माहितीसाठी विकिपीडिया. शेतमालाच्या भावासाठी रॉयटर्स मार्केट लाइट होते. ही सेवा महाराष्ट्रातच २००७ साली सुरू झाली होती आणि साध्या फोनवर मराठीतून एसएमएसने भाव कळवत होती. म्हणजे ज्या कामासाठी गणेशचे नाव घेतले गेले, ते काम फेसबुक येण्याच्या कितीतरी आधी इथे होत होते. त्याखेरीज सरकारचे ॲगमार्कनेट होते आणि किसान कॉल सेंटरचा फुकट नंबर होता. त्या सेवांतही उणिवा होत्या, पण त्या सुधारायच्या तर त्यासाठी इंटरनेटची फाळणी करण्याची गरज नव्हती.

मराठी वाचकाने या यादीतली एक नोंद विशेष पाहावी. मराठी वर्तमानपत्रांपैकी 'महाराष्ट्र टाइम्स' त्यात होता. 'लोकमत', 'लोकसत्ता', 'सकाळ' हे त्याचे स्पर्धक मात्र त्यात नव्हते. वारंगा फाट्यावर रिलायन्सचे सिम वापरणाऱ्याला एक मराठी पेपर फुकट आणि बाकीचे पैसे मोजून, अशी स्थिती होती. नांदेड, परभणी, हिंगोलीतून निघणाऱ्या छोट्या दैनिकांना तर या शर्यतीत जागाच नव्हती. कोणत्या पेपराची बातमी गरीब वाचकापर्यंत पोहोचणार हे संपादकाच्या कामावर किंवा वाचकाच्या पसंतीवर ठरत नव्हते. ते कॅलिफोर्नियातली एक कंपनी आणि नवी मुंबईतली एक कंपनी यांच्या करारावर ठरत होते.

यादीत यायचे तर संकेतस्थळ फेसबुकने घालून दिलेल्या तांत्रिक अटींत बसवावे लागे. व्हिडिओ किंवा जड चित्रे चालत नसत. शिवाय सगळी ये-जा फेसबुकच्या यंत्रणेतून होई आणि कोण काय उघडतो याची नोंद तिच्या हाती जाई. पैसे न देणाऱ्या माणसाकडून त्याच्या वागण्याची माहिती घेतली जात होती, आणि त्या काळात भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता.

एकशे अठरा पानांचा कागद

हा प्रश्न फेसबुकपासून सुरू झाला नव्हता. २४ डिसेंबर २०१४ च्या सुमारास एअरटेलने जाहीर केले की, स्काइप, व्हायबरसारख्या ॲपवरून केलेल्या बोलण्याला नेहमीच्या नेटपॅकमधला डेटा चालणार नाही, वेगळे पैसे पडतील. ग्राहकाने डेटा विकत घेतल्यावर तो कशासाठी वापरायचा हेही कंपनीच ठरवणार, असा त्याचा अर्थ होता. लोक भडकले आणि आठवड्याच्या आत कंपनीने निर्णय मागे घेतला. परंतु दूरसंचार कंपन्यांची मागणी संपली नाही. आमच्या तारांवरून, आमच्या टॉवरवरून दुसरे धंदा करतात, म्हणून त्यांना परवाना लावा, शुल्क लावा, असा त्यांचा आग्रह होता.

२७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या विषयावर चर्चापत्र काढले. ११८ पाने आणि २० प्रश्न, तेही किचकट इंग्रजीत. दूरसंचार कंपन्यांची बाजूच त्यात गृहीत धरली आहे, असा आक्षेप लगेच घेतला गेला. सामान्य ग्राहकाला ते पत्र वाचणे दूरच, असे काही निघाले आहे हे कळण्याचीही सोय नव्हती. कायदे बनवण्याच्या प्रक्रियेत कंपन्यांचे वजन पडते ते बहुतेक वेळा याच मार्गाने. लाच किंवा धमकी लागत नाही. कंपनीकडे पगारी वकील असतात, ते पानन्‌पान वाचतात, मुदतीत उत्तर देतात. बाकी सगळे गप्प राहतात, आणि त्या गप्प राहण्याची नोंद संमती म्हणून होते.

त्याच आठवड्यात, २४ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले होते. त्या खटल्यामागे महाराष्ट्रातलीच घटना होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, आणि श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने न्यायालयात धाव घेतली. सरकारच्या हातून बोलण्याचे स्वातंत्र्य सोडवून आणले त्याच आठवड्यात ते कंपन्यांच्या दरपत्रकात अडकण्याची वेळ आली होती. हे दोन धोके वेगळे नाहीत. बोलू न देणे आणि बोललेले कुणापर्यंत पोहोचू न देणे, दोन्हींचा परिणाम एकच.

या वेळी मात्र लोक गप्प राहिले नाहीत. निखिल पाहवा, किरण जोन्नलगड्डा, अपार गुप्ता अशा पत्रकार, संगणक अभियंते, वकील मंडळींनी 'सेव्ह द इंटरनेट' नावाने काम सुरू केले. त्यांनी ११८ पानांचा सारांश काढला, प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत तयार केली आणि ती ट्रायला ईमेलने पाठवण्याची सोय केली. मुंबईच्या 'एआयबी' या विनोदी कलाकारांच्या गटाने ११ एप्रिलला व्हिडिओ काढला, तो लाखोंनी पाहिला. बघता बघता ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. देशात एखाद्या तांत्रिक चर्चापत्राला असा प्रतिसाद त्याआधी कधी मिळाला नव्हता.

दबाव कामी आला. एअरटेलने ६ एप्रिलला 'एअरटेल झिरो' आणले होते. त्यात ॲपवाल्याने पैसे भरले की ग्राहकाला ते ॲप फुकट. फ्लिपकार्ट त्यातून १४ एप्रिलला बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या क्लिअरट्रिपने इंटरनेट डॉट ओआरजी सोडले. टाइम्स समूहाने आपल्या ज्या संकेतस्थळांचे स्पर्धक यादीत नाहीत ती बाहेर काढतो असे जाहीर केले, आणि त्यात 'महाराष्ट्र टाइम्स' होता.

एप्रिलच्या अखेरीस ट्रायने आलेली सगळी मते प्रसिद्ध केली, ती पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट. आपले मत मांडणाऱ्या दहा लाख लोकांचे पत्ते उघड्यावर आले. ज्या संस्थेवर इंटरनेटच्या नियमनाची जबाबदारी होती, तिला नागरिकाची खासगी माहिती जपण्याची सवय नव्हती, हे त्यातून दिसले.

फेसबुक पुन्हा येते

सप्टेंबर २०१५ मध्ये इंटरनेट डॉट ओआरजीच्या ॲपचे नाव बदलून 'फ्री बेसिक्स' करण्यात आले. त्याच महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी फेसबुकच्या मुख्यालयात गेले, आणि ऑक्टोबरात झकरबर्ग दिल्लीच्या आयआयटीत विद्यार्थ्यांसमोर आले. ९ डिसेंबरला ट्रायने दुसरे चर्चापत्र काढले. या वेळी विषय नेमका होता: एकाच डेटाला संकेतस्थळ पाहून वेगवेगळा दर लावू द्यायचा का?

मग जे सुरू झाले तसे देशाने आधी पाहिले नव्हते. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, शहरांत मोठमोठे फलक. फेसबुक उघडले की, 'फ्री बेसिक्स वाचवा' असे आवाहन समोर येई आणि बटण दाबले की तयार मजकुराचा ईमेल ट्रायकडे रवाना होई. त्या मजकुरात ट्रायने विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर नव्हते. आपला फ्री बेसिक्सला पाठिंबा आहे, एवढेच होते. भारतात न राहणाऱ्या काही अमेरिकी वापरकर्त्यांनाही हे आवाहन दिसले, ते चुकून झाल्याचे कंपनीने सांगितले. कोट्यवधी लोक ज्या व्यासपीठावर एकमेकांशी बोलतात ते व्यासपीठच आपल्या धंद्याच्या प्रश्नावर लोकमत घडवायला वापरले जात होते. दुसऱ्या बाजूला असे साधन नव्हते.

झकरबर्ग यांनी आपल्या लेखात वाचनालयाचा दाखला दिला होता. वाचनालयात सगळी पुस्तके नसतात, तरी गरिबाला त्याचा उपयोग होतोच, असा युक्तिवाद. महाराष्ट्राने या दाखल्याचा विचार नीट करावा. इथे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि खेड्यापाड्यांत लोकांनी चालवलेली वाचनालये आहेत. त्यांना कार्यकारी मंडळ असते, सभासद असतात, सरकारी अनुदानाचा हिशेब द्यावा लागतो. कोणते पुस्तक घ्यायचे यावर सभासद भांडू शकतो. पुस्तके कमी असणे हा निधीचा प्रश्न असतो, कुणा एका प्रकाशकाच्या मालकीचा नसतो. फ्री बेसिक्सच्या यादीवर वारंगा फाट्याच्या वाचकाचा कसलाही अधिकार नव्हता.

आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन सेवेला विरोध केला. ट्रायचे अध्यक्ष तेव्हा राम सेवक शर्मा होते. डिसेंबरात ट्रायने रिलायन्स कम्युनिकेशन्सला फ्री बेसिक्स थांबवून ठेवायला सांगितले. जानेवारीत फेसबुकला पत्र पाठवून बजावले की, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्याऐवजी साचेबंद ईमेल गोळा करून तुम्ही या प्रक्रियेला बहुमताचा जुळवून आणलेला कौल बनवत आहात.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम जाहीर झाला. मजकूर पाहून डेटाचा वेगळा दर लावायला बंदी. मोडल्यास रोज ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. आपत्तीच्या काळात तातडीच्या सेवांना सवलत. तीन दिवसांत, ११ फेब्रुवारीला, फेसबुकने भारतातले फ्री बेसिक्स बंद करत असल्याचे सांगितले. दरम्यान कंपनीच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादाला विरोध केल्याने भारताचे आर्थिक नुकसान झाले, अशा अर्थाचे ट्विट केले. संताप उसळल्यावर त्यांनी माफी मागितली आणि झकरबर्ग यांनीही त्या मतापासून अंग काढून घेतले. पण लोकांना न विचारता त्यांचे भले ठरवण्याची सवय त्या एका ट्विटात उघडी पडली.

जिंकल्यानंतर

गरिबाला फुकट सेवा नाकारली, असा आरोप तेव्हा झाला. पुढे काय घडले ते पाहावे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, डेटाचे दर कोसळले, आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत नेट पोहोचले ते सगळे उघडे नेट. हळदीचा भाव, पीकविम्याचा अर्ज, यूट्यूबवरचा फवारणीचा व्हिडिओ, सारे एकाच रिचार्जमध्ये. गरिबीवर उत्तर म्हणून अर्धे इंटरनेट देण्याची गरज नव्हती, हे दोन वर्षांत सिद्ध झाले. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या आणि नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे नेटवरच्या सगळ्या मजकुराला समान वागणूक, ही दूरसंचार परवान्यांची अट बनली.

अमेरिकेत याच काळात उलटे घडले. तिथल्या दूरसंचार आयोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये असेच नियम केले आणि डिसेंबर २०१७ मध्ये ते रद्द केले. रद्द करण्याआधी मागवलेल्या मतांची चौकशी न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी केली. २०२१ मध्ये त्यांचा अहवाल आला. सुमारे २ कोटी २० लाख मतांपैकी १ कोटी ८० लाख बनावट होती. त्यातली सुमारे ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशातून चाललेल्या मोहिमेने माणसांच्या नावावर, त्यांना न विचारता, खपवली होती. लोकांच्या नावाने कंपनीने बोलणे किती लांब जाऊ शकते, याचे हे टोक.

इथेही लढाई संपलेली नाही, तिचे रूप बदलले आहे. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के हिस्सा ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला. त्याच वर्षी गूगलनेही ३३,७३७ कोटी रुपये त्यात घातले. नेट देणारा आणि नेटवरची सेवा चालवणारा आता एकमेकांचे भागीदार आहेत. ग्राहकापुढे निवडीला मोजक्याच कंपन्या उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा वारंगा फाट्यापासून मुंबईपर्यंत सगळ्यांनी ते भरले.

दरम्यान बाजूही फिरल्या. जास्त डेटा खाणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांनी आम्हाला पैसे द्यावेत, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी पुन्हा आली, आणि जुलै २०२३ मध्ये ट्रायने नेटवरून संदेश आणि कॉल पुरवणाऱ्या सेवांच्या नियमनावर नवे चर्चापत्र काढले. युरोपात अशीच मागणी झाली तेव्हा तिला विरोध करणाऱ्यांत फेसबुकची मालक मेटा कंपनी पुढे होती. २०१५ मध्ये यादी करून देणारी कंपनी २०२३ मध्ये असे शुल्क नको म्हणत होती. कंपनी तत्त्वाच्या बाजूने असते ती तिच्या फायद्यापुरती. तत्त्व लोकांनीच धरून ठेवावे लागते.

या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट दहा लाख ईमेलची. ते जिंकले कारण काही माणसांनी अवघड कागद वाचला, सोपा करून सांगितला, आणि लोकांनी तो आपला प्रश्न मानला. पण ते काम इंग्रजीत झाले, शहरांतून झाले. ज्याच्या नावाने दोन्ही बाजू भांडत होत्या तो शेतकरी त्या चर्चेत आला तो दाखला म्हणून, बोलणारा म्हणून नाही. ही उणीव कंपनीची जितकी, तितकीच आपल्या लोकशाहीची आणि मराठी पत्रकारितेची.

ट्रायच्या १९९७ च्या कायद्यातले कलम ११(४) प्राधिकरणावर पारदर्शकतेचे बंधन घालते. जे पत्र देशातल्या बहुसंख्यांना वाचताच येत नाही, ते पारदर्शक म्हणता येणार नाही. म्हणून मागणी साधी आहे. दूरसंचार, डेटा आणि खासगी माहिती यांवरचे प्रत्येक चर्चापत्र मराठीत निघावे, मराठीतून आलेले मत इंग्रजी मताइतकेच मोजले जावे, आणि एक तरी सुनावणी नांदेड, हिंगोलीसारख्या ठिकाणी व्हावी. मराठी दैनिकांनी अशा पत्राची मुदत सोयाबीनच्या भावाइतकी ठळक छापावी. कृषी विद्यापीठे, ग्रंथालये, शेतकरी संघटना यांनी आपले लेखी म्हणणे द्यावे. कंपन्यांचे वकील मुदत चुकवत नाहीत. आपणही ती चुकवायची नाही, एवढे ठरवले तरी पुढच्या कायद्यावर आपली सही असेल.